साहेबाची सही झालेला अर्ज

येलदरीच्या हापिसात मी शिपाई होतो तेव्हा तिथं एक कारकून होता. गणिताची डिग्री असून दिवसभर धरणाच्या पाण्याचे आकडे उतरवायचा. कार्बन पेपरनं काळे झालेले हात केसांना पुसायचा. त्याला मुंबईला जाऊन काम्प्युटरची मोठी डिग्री घ्यायची होती.

"म्हंजे बघा मामा, त्या यंत्राला हो आन् न्हाई एवढंच कळतं."

"मग साहेबापेक्षा हुशार हाय की! त्याला नुसतं न्हाईच कळतं."

तो लय हसला. नोकरीतल्या माणसाचा अर्ज साहेबाच्या सहीनंच जायचा आणि साहेबानं तो दोन महिने दाबून ठेवला होता. सही झाली तेव्हा मुदतीचे चारच दिवस उरले होते. पोस्टात रजिस्टर करायला मी अर्जाचं पाकीट पिशवीत टाकलं, तेवढ्यात घरून सांगावा आला. तसाच पळालो. संध्याकाळी बायको गेली.

तेरावं करून कामावर आलो, तर पाकीट पिशवीतच. मुदत संपली होती. मधल्या दिवसांत तो दोनदा माझ्या घरी येऊन बसला होता, पण पावती मागितली नव्हती.

साहेबानं दोघांना बोलावलं. "त्या अर्जाची पावती कुठं आहे?"

माझ्या आधी तोच बोलला, "मीच अर्ज परत घेतला, साहेब. विचार बदलला."

"मग पुन्हा सही मागायला यायचं नाही."

नोकरी जाईल या भ्यानं मी गप उभा राहिलो. बायकोचं दुःख गावानं वाटून घेतलं. ही शरम माझ्या एकट्याची हाय.