दुसऱ्या प्रकरणातली बाई

"वाक थोडी," मॅडम म्हणाल्या. "ताठ उभं राहून कसं पिशील?"

मी वाकले. दोन्ही हातांची ओंजळ केली. सिद्धीने तिची बाटली उंच धरली आणि वरून पाणी ओतलं. ओंजळीत थोडंच राहिलं, बाकीचं कोपरांवरून गळलं. कुर्त्याच्या बाह्या भिजल्या. वर्ग हसला. मी पाणी प्यायले. खरंच प्यायले. का, ते मला आजही सांगता येत नाही.

"एकदम नॅचरल," मॅडम म्हणाल्या.

मुलुंडचं बी.एड. कॉलेज. खेड्यातल्या एका मुलाच्या बालपणावरची कादंबरी शाळेत कशी शिकवायची, ते आम्ही शिकत होतो. सुरुवातीची तीन प्रकरणं. पहिल्यात मुलगा नदीवर डुंबतो. तिसऱ्यात शाळेत जातो. दुसऱ्यात तो ओसरीवर गोफण विणत बसलेला असतो, तेव्हा एक बाई जळणाची मोळी घेऊन येते आणि अंगणाबाहेर थांबते. त्याची आई तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतते. बाई पिते आणि जाते. साडेचार ओळी.

मॅडमनी हा प्रसंग वर्गात करून दाखवायला घेतला. मुलाच्या कामासाठी चौघांनी हात वर केले. आई सिद्धी झाली. बाईचं काम कोणी घेईना. मॅडमनी हजेरीपट उघडला. बोट माझ्या नावाशी थांबलं.

"तू कर. एकही वाक्य नाहीये. तसंही तू बोलत नाहीस. आणि तुला जमेल हे."

शेवटचं वाक्य मला कळलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग, गावात कुठे? मी सांगितलं होतं. गावाबाहेर.

मी बोलत नाही, हे खरं आहे. इंग्रजी शाळेतच मी आडनाव गाळून अर्धं नाव सांगायला शिकले. पुढे आडनावाचं नुसतं एक अक्षर. घरातला एखादा शब्द तोंडून निसटला की कोणीतरी हसायचं, म्हणून शब्दही मोजके. लोक याला लाजाळूपणा म्हणतात. मीही तेच म्हणत आले.

तास संपल्यावर सिद्धी नॅपकिन घेऊन आली. आम्ही रोज एका डब्यात जेवतो. "सॉरी यार, जास्तच ओतलं ना मी." तिला वाईट वाटलं होतं. जास्त ओतल्याचं.

संध्याकाळी भांडुपला घरी आले. आई साकीनाक्याच्या एका गाळ्यात पॅकिंगला जाते. ती नुकतीच आली होती, मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने मेथी निवडतच ऐकलं. मग विचारलं, "वाकायला कोणी सांगितलं तुला?"

"मॅडमनी."

"पुस्तकात लिहिलंय तसं?"

"नाही."

आईने जुडी खाली ठेवली. "मग त्यांना माहितीय गं सगळं. आम्ही वाकूनच प्यायचो. आपल्या हातावरचा थेंब त्यांच्या भांड्यावर उडू नये म्हणून." जुडी पुन्हा उचलत म्हणाली, "त्या बाईचं नाव काय?"

ती स्वतः असं वाकून पाणी प्यायची, हे तिने मला आजवर सांगितलं नव्हतं. सगळं मागे राहावं म्हणूनच तिने मला इंग्रजी शाळेत घातलं. आणि मी मराठी शिकवायचं ठरवून त्याच अंगणाबाहेर जाऊन उभी राहिले होते.

मी तिन्ही प्रकरणं पुन्हा वाचली. दोन्ही बैलांना नावं आहेत. कुत्र्याला आहे. बांधावरच्या आंब्यालाही आहे, शेंदऱ्या. बाईला नाही. पहिल्या प्रकरणात पंख मोडलेल्या साळुंकीसाठी रडणारा तो मुलगा दुसऱ्या प्रकरणात गोफणीवरून मान वर करत नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी बाहेरच्या परीक्षक येणार, त्यांच्यासमोर तोच प्रसंग करू. छान झाला होता.

मी उभी राहिले.

"मी करणार नाही."

"अगं, लहान मुलांची गोष्ट आहे ती. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"लहान मुलांची आहे म्हणूनच. मॅडम, तुम्ही मला वाकायला सांगितलंत. ते पुस्तकात नाही. तुम्हाला कुठून माहीत?"

वर्गात कोणी हसलं नाही. मॅडमनी हजेरीपट मिटला. सराव पाठाचे गुण त्यांच्या हातात आहेत, हे लक्षात ठेवायला सांगितलं. मी हो म्हटलं आणि बसले.

शुक्रवारी तो प्रसंग झाला नाही. पाणी ओतायला सिद्धीही नाही म्हणाली. कारण तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सराव पाठात वर्गातले सगळ्यात कमी गुण मला आहेत.

जूनपासून मी शाळेत शिकवणार आहे. पहिल्या दिवशी फळ्यावर पूर्ण नाव लिहीन, आडनावासकट. ही कादंबरी आली तर दुसरं प्रकरण गाळणार नाही. ओंजळ कोणालाही धरायला लावणार नाही. साडेचार ओळी मी स्वतः मोठ्याने वाचेन आणि विचारेन, आंब्याला नाव आहे, हिला का नाही? वर्ग गप्प बसला तर मीही गप्प बसेन. ते मला चांगलं जमतं. पण उत्तर येईपर्यंत तिसरं प्रकरण उघडणार नाही.