सगळा माल एकाच बोटीला

खुर्च्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे बोटवाले म्हणत. स्वतः बोटीवर पाऊल ठेवायची छाती नाही, धक्क्याच्या कडेलासुद्धा जायचे नाहीत. पण कारखान्याचा माल परदेशी धाडायचं सगळं काम त्यांचं. भित्रा माणूस कागदाला पक्का असतो, म्हणून मालकीणबाई त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

मेख एकच होती. जुन्या बोट कंपनीशी करार होता: वर्षाचा सगळा माल आम्हालाच द्या, भाडं निम्मं घेऊ. एक कंटेनर जरी दुसऱ्याला दिला, की सवलत बंद. बंदरात दुसरी कंपनी एकच, तीही नवीन; तिला माल मिळूच द्यायचा नाही, ही त्यातली चलाखी. पण त्या निम्म्या भाड्यावरच कारखाना तगून होता. बोटवाल्यांची धाकटी बहीण तिथेच पॉलिशला, मेहुणा करवतीवर.

आणि या पठ्ठ्याने दिला की हो एक कंटेनर दुसऱ्याला!

झालं असं, की बोट भरली म्हणून जुन्या कंपनीने लागोपाठ दोनदा त्यांचा माल धक्क्यावरच ठेवला. तिकडे गिऱ्हाईक फोनवर करवादत होतं. नव्या कंपनीची बोट मात्र अर्धी रिकामी उभी. बोटवाल्यांनी देवाचं नाव घेतलं आणि तिच्यावर बुकिंग केलं. बाईंना पत्ता नाही. बोट सुटली आणि यांना दरदरून घाम फुटला.

मग काय, चोराच्या मनात चांदणं! फोन वाजला की दुसऱ्यालाच उचलायला लावायचे. जेवताना बहीण म्हणाली, "दादा, घास हातातच राहिलाय तुझा."

"पित्त झालंय गं."

"पित्ताने कुणी सारखं फोनकडे बघतं होय?"

सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं. पण तिच्या नखांत अडकलेलं पॉलिश दिसलं आणि ते मुकाट भात कालवायला लागले.

अखेर एका सकाळी जुन्या कंपनीचा एजंट न कळवता आला आणि बाईंसमोर बसला. बोटवाल्यांना आत बोलावणं आलं.

"काय बोटवाले, एक कंटेनर समोरच्यांच्या बोटीवर चढवलात म्हणे?"

बाईंनी चमकून पाहिलं. बोटवाल्यांची पाचावर धारण बसली. "बाई, चूक माझी एकट्याची. मला काढून टाका. पण साहेब, करार मोडू नका हो, एवढी माणसं खातील काय?" म्हणता म्हणता त्यांना रडूच फुटलं.

एजंट हसायला लागला. "अहो, डोळे पुसा! ती कंपनी आम्ही विकत घेतली. तिच्या बोटी आता आमच्याच. मोडला कुठे करार?"

जीव भांड्यात पडला. "घाबरट कुठले!" बाई म्हणाल्या. "जा, चहा सांगा."

बोटवाले नाक पुसत उठले. दारात वळून, स्वतःवरच हसत त्यांनी विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षीही करार हाच ना, साहेब?"

"आता करार कशाला? माल दुसऱ्या कुणाला देणार आहात तुम्ही?"

बाईंचं हसू मावळलं. "आणि भाडं?"

"पूर्ण."

बोटवाल्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. तो कंटेनर दिला नसता तरी हेच झालं असतं. आणि बहिणीला हे आता त्यांनाच सांगायचं होतं.