पाळीवरचा काटकोन

माझ्या साडभाऊइतका, म्हणजे मेव्हणीच्या नवऱ्याइतका, जागेचा कंजूष माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. आठ दिवसांसाठी येतो तो शाळेच्या दप्तराएवढी पिशवी घेऊन, आणि तिच्यातही एक कोपरा रिकामा ठेवतो. विमानाच्या पोटाखालून जमिनीचं चित्र काढणाऱ्या रडारचा अँटेना बनवणं हा त्याचा धंदा. तांब्याचे चौकोनी तुकडे एका पाटीवर ओळीनं बसवायचे, एवढंच मला त्यातलं कळलंय. "परातीएवढी पाटी कोणीबी करते, साडभाऊ," तो म्हणायचा. "डब्याच्या झाकणात बसवून दाखवा! तुकडे जवळ आले का एकमेकांच्या कामात नाक खुपसतात, आपल्या भावकीवानी." म्हणून पंगतीतही तो पाहुण्यांना वीत-वीत अंतरावर बसवी. एकदा तर नवरानवरीलाही सरकवलं होतं.

त्या झाकणाएवढ्या पाटीवर वरच्या साहेबांचा भरवसा नव्हता. एक उड्डाण, तेही शेवटचं; जमलं नाही तर पाटी कपाटात. साडभाऊनं त्यासाठी सालेकशाकडचा आपल्या आजोबा-पणजोबांनी खोदलेला तलाव निवडला आणि त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीन पत्रे काटकोनात जोडून एक कोपरा ठेवला. काटकोन अचूक असला तरच रडारची लाट आल्या वाटेनं परत जाते, म्हणे. चित्रात तो चांदणीसारखा चमकला की पाटी पास. राखण माझ्याकडे. मी शाळेत भूमिती शिकवतो ना! "हात नका लावू," एवढंच बजावून तो धावपट्टीकडे गेला.

विमानाचा आवाज आला आणि नेमकी एक शेळी त्या कोपऱ्यात शिरून बसली. मी धावलो, घसरलो आणि सगळा भार पत्र्यावर. शेळी पळाली, पत्रा वाकला. मी तो नजरेच्या अंदाजानं सरळ केला. वीस वर्षांच्या भूमितीची नजर!

दुपारी साडभाऊ चित्र घेऊन घरी आला. तलाव दिसत होता, पाळ दिसत होती. चांदणीच्या जागी मात्र राखेचा ठिपका. "माहीच पाटी खोटी," तो म्हणाला. "साहेबाले फोन करून सांगतो, बंद करा म्हणून." जेवणाच्या ताटाला त्यानं हात लावला नाही. भात आणि भाजी एकमेकांत मिसळली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

बायको माझ्याकडे बघत होती. माझ्या पायजम्यावरचा तलावाचा चिखल तिनं सकाळीच पाहिला होता. "काऊन गप्प बसून राहिले जी? सांगा ना त्यायले!"

त्यानं फोन कानाला लावला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून शेळी बाहेर पडली.

तो फोनमध्ये म्हणाला, "सर, चूक जमिनीवर झाली. पाटी ठीक आहे. अजून एकदा उडवा." मग तो फोन ठेवून वळला. "उद्या सकाळी. साडभाऊ, एवढे मास्तर तुमी, अन् गुण्या नाही लावला?"

दुसऱ्या दिवशी सुताराचा काटकोन तपासायचा गुण्या लावला, शेळी बांधली, आणि मलाही लांब बसवलं. चांदणी लख्ख उमटली.

आता त्याची पाटी कुठकुठल्या आभाळात फिरते. त्याला इकडे यायला सवड नाही. पत्र्यांचा कोपरा अजून पाळीवरच आहे. रविवारी मी गुण्या घेऊन जातो, वाकला असेल तर सरळ करतो. विमान येत नाही, ते मला ठाऊक आहे. परततानाही एकदा वर पाहतो.