जॉकीचा अर्धा लाडू

चिंचवडच्या एका दवाखान्यात आईला घेऊन नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारी किरकोळ अंगाचे एक काका आणि त्यांच्यासोबत काकू होत्या. एके काळी पुण्याच्या रेसकोर्सवर ते नावाजलेले जॉकी होते, हे काकूंनीच कौतुकानं सांगितलं. "मोठमोठ्या शर्यती जिंकल्यात यांनी. पण आता वजन वाढल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करायला तयार नाहीत."

नर्सनं वजनकाट्याकडे बोलावलं. काकांनी आधी चपला काढल्या, मग घड्याळ, मग पट्टा. खिशातली किल्लीसुद्धा बाकावर ठेवली.

"अहो, वजन वाढवायचंय ना आपल्याला!" काकू म्हणाल्या.

काका ओशाळून हसले. "हात आपोआप जातात गं. शर्यतीआधी वजन कमीच भरावं लागायचं ना."

वजन याही वेळी कमीच भरलं. ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं.

मला राहवेना. "काका, शर्यतीच्या दिवशी काय खायचात?"

"चहाचे दोन घोट. पोटात भूक असली की वाटायचं, आज आपण जिंकणार."

घरात सगळ्यांना पोटभर मिळावं म्हणून वडिलांनी मला शिकवलं. उपाशी राहून कुणी मोठं झाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

काकूंनी डब्यातला डिंकाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. सवयीनं तो मोडून त्यांनी अर्धा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे करणार, तोच आई म्हणाली, "घेऊ नकोस रे. त्यांना खाऊ दे."

काकांनी पहिला अर्धा संपवला. उरलेल्या अर्ध्याकडे ते बराच वेळ बघत राहिले, आणि मग तोही त्यांनी तोंडात टाकला.