खुशीने मीठ चाखणं सोडलं

गेल्या शनिवारी आमच्या गावच्या शाळेत पुस्तकांचा कार्यक्रम झाला. आमच्या शाळेत म्हणते, पण माझी जागा मागच्या शेडमध्ये... मी पोषण आहार शिजवते. बी.ए. झालेली आहे, म्हणून हे मोबाईलवर लिहिता तरी येतं.

माझी मुलगी खुशी त्याच शाळेत तिसरीत आहे. तिचे पप्पा गोंदियाला राईस मिलमध्ये पोती उचलतात, कुडव्याला खोली करून राहतात आणि सुट्टी मिळाली की येतात.

तर झालं असं की गोंदियाच्या एका मंडळाने शाळेला चित्रांची पुस्तकं भेट दिली. मोठी, गुळगुळीत, रंगीत... आणि सगळ्यांचा विषय एकच, आईबाबांना कामात मदत करणारी मुलं. कोणी बाबांच्या गॅरेजमध्ये पाना हातात देतंय, कोणी आईच्या रोपवाटिकेत पाणी घालतंय.

खुशीला त्यातलं केकवालीचं पुस्तक फार आवडलं. त्यातली मुलगी पांढरी टोपी घालून आईसोबत पीठ मळते, नाकाला मैदा लागलेला. खुशीने ते घरी आणलं आणि माझ्या मांडीवर आपटलं. "आई, हे तं आपलंच हाय," म्हणाली.

खरंच आपलंच होतं. जेवणाच्या घंटीआधी अन्न चाखून पाहायचं असतं, आधी मी आणि मग शाळेचे सर. पण आमच्याकडे पहिला घास खुशीचा. ती शेडच्या दारात यायची, तळहात पुढे करायची, मी गंजातला, म्हणजे मोठ्या पातेल्यातला, चिमूटभर भात त्यावर ठेवायची. ती फुंकर मारायची, डोळे मिटून मीठ चाखायची आणि मान हलवायची. तिने मान हलवल्याशिवाय मी गॅस बंद करत नसे... सरही हसायचे, "आल्या का मॅनेजरबाई?"

पुस्तक आल्यापासून तर ती माझा पांढरा रुमाल डोक्याला बांधून यायला लागली.

कार्यक्रमात प्रत्येकाने पुस्तक हातात घेऊन 'मी आईबाबांना कामात काय मदत करतो' हे पाहुण्यांना सांगायचं होतं. खुशीचं पाठच होतं, पाठ करायचं काही नव्हतंच. शुक्रवारी तालमीत तिने मिठाचं सगळं सांगितलं.

संध्याकाळी मी तिचा गणवेश इस्त्री करत होते. ती आली आणि विचारलं, "आई, पप्पाचं दुकान कुठी हाय?"

"काऊन?"

"सरनं सांगतलं. पप्पाच्या दुकानात मदत करतो असं बोलजो म्हणे. मिठाचं नको बोलजो."

मी सकाळी सरांना विचारलं. ते खाली बघून बोलले. "ताई, लेकरू किचनमध्ये येऊन राहिलं हे पाहुण्यांसमोर निघालं तर आपल्या दोघांवर येईल. नियम आहे. आणि जूनमध्ये कमिटी पुन्हा बसते, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत आहे. स्वयंपाकाचं हे काम दरवर्षी नव्याने मिळतं, आणि गावात चार बाया टपून बसल्या आहेत. नियमही चुकीचा नाही, गरम गंजाजवळ लेकरू नकोच. राग नियमाचा नाही... राग त्या न उघडलेल्या दुकानाचा आहे.

कार्यक्रम झाला. पाहुणे आले, हार झाले, फोटो झाले. दुकानदाराची मुलगी दुकानात कशी बसते ते सांगून गेली, ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा सांगून गेला. मग खुशी उभी राहिली. केकवालीचं पुस्तक छातीशी धरून तिने सांगितलं की ती पप्पांच्या दुकानात वस्तू काढून देते. टाळ्या पडल्या.

मी शेडच्या दारात उभी होते, हातात मोठा चमचा. मनात म्हटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात पाहुण्यांमधल्या एका मॅडमनी अगदी मायेने विचारलं, "अरे वा! आणि तुझी आई काय करते गं?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. खुशीने सरांकडे पाहिलं. सर हारांच्या पिशवीत काहीतरी शोधत होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं... सरळ, शेडच्या दाराकडे.

"आई घरीच राहते," ती म्हणाली.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुकान लपवायचं नसतं, शेड लपवायची असते, एवढं तिचं तिनेच शोधून काढलं. वय वर्षं आठ.

नंतर पाहुणे जेवले. त्याच मॅडम म्हणाल्या की मसालेभात फार छान झालाय, मीठ अगदी बरोबर आहे. मी त्यांना आणखी वाढलं. दुसरं काय करणार होते?

पुस्तकं देणाऱ्या मंडळाचे आभार, मनापासून. चित्रं खूप सुंदर आहेत. सध्या ती ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहेत, फाटू नयेत म्हणून. तुम्ही पुस्तकं चांगलीच दिलीत... फक्त त्यात ज्यांचं चित्र आहे त्यांना ते खरं सांगता येत नाही, एवढंच.

सोमवारी घंटीआधी मी नेहमीसारखा चिमूटभर भात काढला आणि दाराकडे पाहिलं. खुशी पायरीच्या खाली उभी होती, डोक्याला रुमाल नव्हता. मी हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तूच चाख ना आई," म्हणाली, आणि ताटली घेऊन ओळीत जाऊन उभी राहिली.

मी चाखलं. मीठ कमी होतं की जास्त, मला काही कळलंच नाही.