आईचा राहिलेला नवस

वचन म्हणजे काय, या एका प्रश्नावर मी इंग्लंडातल्या विद्यापीठात सगळी नोकरी काढली. दिलेला शब्द माणसाला बांधतो तो कशामुळे, धाकाने दिला तरी बांधतो का, ज्याला दिला तो मेल्यावरही बांधतो का, हे माझे विषय. वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे हाउन्सलोला राहायला आली. संध्याकाळी मी घरी पोचले की ती विचारायची, "आज काय शिकवलंस गो?" मी सांगायचे. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणायची, "शब्द दिला की पाळायचा, एवढंच ना? मग त्याला तीन-तीन वर्षं कशाला लागतात पोरांना?"

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली नाव दिलं. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, आणि मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. हे इथे कुणाच्या पटकन डोक्यात शिरत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी विभागप्रमुखांनी मला भारतीय तत्त्वज्ञान शिकवाल का म्हणून विचारलं. उपनिषदं मी तुमच्याइतकीच वाचली आहेत, असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी एकही वाचलेलं नव्हतं. एकदा उत्तर लंडनच्या ज्यू मंडळींनी व्याख्यानाला बोलावलं. चहाच्या वेळी एका बाईंनी माझ्या रंगाकडे पाहत मायेने विचारलं, "नवऱ्यामुळे ज्यू झालात का?" मी म्हटलं, "नाही, कोकणात नौगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं त्याच्या आधीपासून आहोत. आणि नवरा नाही." त्या बाईंनी मला पुन्हा बिस्किट विचारलं नाही. माझा राग नाकावर असतो, आणि तो इतक्या वर्षांत खाली उतरलेला नाही.

माझं एक म्हणणं आमच्या क्षेत्रात जरा गाजलं. वचनाला घेणारा लागतो, असं ते म्हणणं. समोरच्याने ऐकलं, हो म्हटलं, तर ते वचन. नाहीतर आपण नुसते हवेत बोललो. त्यावर पुस्तक लिहिलं, भांडणं केली, प्राध्यापकपद मिळवलं. देवावर माझा विश्वास कॉलेजातच उडाला होता, त्यामुळे आकाशातल्या कुणाला दिलेल्या शब्दांची मला फिकीर नव्हती.

मग आईच्या हृदयाची झडप बिघडली. दोन जिने चढली की ओठ निळे पडायचे. हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, वय झालंय, पण ऑपरेशन केलं तर चांगल्या जगतील, नाही केलं तर पुढचा हिवाळा कठीण आहे. मी मान हलवली. आई मात्र परतताना बसमध्ये मला म्हणाली, "माझा एक नवस राहिलाय. मलिदा झाल्याशिवाय मी त्या टेबलावर चढायची नाही."

मलिदा म्हणजे आमच्याकडची एलियाहू नबींच्या, रथात बसून स्वर्गात गेलेल्या आमच्या प्रेषिताच्या, नावाने होणारी पूजा म्हणा, प्रसाद म्हणा. गोड पोहे, वर फळं, आणि हिब्रू प्रार्थना. अलिबागजवळ एका खडकावर नबींच्या रथाच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात. तिथे जाऊन नवस बोलतात आणि काम झालं की मलिदा करतात.

"कसला नवस?" मी विचारलं.

"फिटेपर्यंत सांगत नसतात."

पण मला माहीत होतं. खूप वर्षांपूर्वी इथे माझी डॉक्टरेट संपत आली होती. ही नोकरी लागली नसती, तर मी ठाण्याच्या कॉलेजात परत जाणार होते, तिथे माझी जागा राखून ठेवलेली होती. त्या मुलाखतीच्या दिवशी आई एकटी एसटीने खडकावर गेली होती, हे मला मामेबहिणीने तेव्हाच सांगितलं होतं. नोकरी मला माझ्या अकलेवर लागली अशी माझी समजूत, आणि आईच्या मते ती नबींनी लावली, असं मी धरून चालले होते. मला त्याचा थोडा रागही होता.

आठवडाभर आमची जुंपली. मी म्हटलं, नबी रथात बसून वर गेले, त्यांनी तुला हो म्हटलंय का? घेणारा कुठाय? आई म्हणाली, "ते तुझ्या पोरांना शिकव." मी म्हटलं, मी आयुष्यभर जे लिहिलं त्याच्या उलट माझ्याच स्वयंपाकघरात करू? ती म्हणाली, "तू नको करूस. मी करते." आणि पोह्यांचा डबा काढायला उठली, तर दोन पावलांत दम लागून खाली बसली. मला तेव्हा भीती वाटली, सगळा युक्तिवाद बाजूला पडेल इतकी. रविवारी करू, मी म्हटलं.

शेजारची मैत्रीण मदतीला आली. ती ब्रॅकनेलला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि घराण्यातून पक्की बौद्ध आहे. दारातच म्हणाली, "ताई, आमच्या बावीस प्रतिज्ञांत नवसाला जागा नाही हं. पण पोहे सोक करायला मी आहे. आणि सब्जा कुठेच मिळाला नाही, म्हणून सुपरमार्केटमधून बेझिलचं पॉट आणलंय. चालेल का?"

आईने पान चुरडून हुंगलं. "चालेल. नबी इथेही फिरतच असतील. आणि तू प्रतिज्ञा पाळतेस ना? मग झालं."

प्रार्थनेसाठी वडिलांचे एक जुने स्नेही इल्फर्डहून दोन ट्रेन बदलून आले. दमले होते, पण टोपी घातल्यावर आवाज खणखणीत निघाला. पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची घातली. वर केळी, सफरचंद, खजूर, गुलाबाच्या पाकळ्या, कडेला ते बेझिल. काकांनी एलियाहू नबींचं गाणं धरलं आणि माझ्या तोंडून पुढचे शब्द आपोआप निघाले. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर आई ताटलीतला शेवटचा खजूर खात म्हणाली, "आता सांगते. तू ती मुलाखत द्यायला गेलीस ना, मी नबीला म्हटलं, या पोरीला ही नोकरी लागू देऊ नकोस. परत येऊ दे. माझ्याजवळ राहू दे."

मी हातातल्या ताटल्या परत टेबलावर ठेवल्या.

"मग नोकरी लागली," ती म्हणाली. "तू फोनवर रडत होतीस आनंदाने. पप्पांनी पेढे वाटले. मी म्हटलं, नाही ऐकलं नबीने, तर मलिदा नाही. फिट्टंफाट. पण मग पप्पा गेले आणि मी इकडे आले. आता तू रोज माझ्या डोळ्यांसमोर. म्हणजे जवळ राहिलीसच की. तेव्हापासून मला कळेना, नवस पावला म्हणायचा की नाही. देणं लागते की नाही. फार विचार केला गो त्यावर."

मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. जो प्रश्न तिने इतकी वर्षं पलंगावर पडून सोडवला, तसल्याच प्रश्नांवर मी खालच्या खोलीत निबंध तपासत बसलेली असायचे.

"मला का नाही विचारलंस? हाच तर माझा विषय."

"विचारलं असतं तर काय मागितलं होतं ते सांगावं लागलं असतं," आई म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी ट्रॉली दारापर्यंत आली तेव्हा तिने हात पुढे केला. आमच्यात निरोप घेताना हातात हात घेऊन नंतर आपलीच बोटं ओठांना लावतात. मी लावली. दार बंद झालं. त्या कॉरिडॉरमध्ये मी बराच वेळ भिंतीला टेकून उभी होते, आणि प्राध्यापकबाई काय पुटपुटत होत्या हे ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

आई घरी आली. ओठांचा रंग परत आला, जिभेची धार तर कधी गेलीच नव्हती. मागच्या रविवारी सकाळी ती काठी टेकत स्वयंपाकघरात आली, तेव्हा ओट्यावर पोहे भिजत होते आणि खिडकीत बेझिलची नवी कुंडी होती.

"हे कशाला?" तिने विचारलं. "माझा तर फिटला."

"माझा आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. खुर्ची ओढून बसली. "आणि घेणारा गो?"

मी नारळ फोडायला घेतला.