भूपालशेठची चार कार्बोरेटरची गाडी

रहिमतपुरात एक म्हातारी होती. तिला एक लेक होता शिवा, फौजेतून रिटायर होऊन आलेला मेकॅनिक. शिवाची बायको संगीता, दहावी शिकलेली, नवऱ्याच्या बरोबरीनं पाना फिरवणारी. घर मागं, गॅरेज पुढं. आणि म्हातारी कुठं? जिथं नको तिथं! ती म्हातारी मीच.

गॅरेजातल्या गोष्टी उरलेल्या नटबोल्टसारख्या असतात. टाकवत नाहीत, आणि डबा भरत जातो. माझा डबा एका गाडीनंच भरला. त्यातल्या बहुतेक गोष्टींत मान खाली गेली ती माझीच.

*

गाडी सांगलीच्या भूपालशेठची. हळदीचे व्यापारी, जैन माणूस, बोलायला लय गोड. मोटरसायकल जुनी, परदेशी. लांबच्या प्रवासाची, तरी वाऱ्यागत पळणारी, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. कैक वर्षं हळदीच्या पोत्यांमागं उभी होती. शेठना बायकोला मागं बसवून त्या गाडीवरून श्रवणबेळगोळला जायचं होतं. पण गाडीला हात लावायला कुणी तयार होईना. शिवानं शब्द दिला, "मी करतो." तोवर आमच्याकडं यायच्या त्या दूधवाल्यांच्या नाहीतर ऊसवाल्यांच्या गाड्या. ही मार्गी लागली तर मोठ्या गाड्या येतील, एवढीच त्याची आस.

टेंपोतून गाडी उतरली. मी ताट घेऊन ओवाळायला गेले. इंजिन शोधलं तर दिसेना, सगळं प्लास्टिकच्या झाकणाआड! पुढच्या चाकाला मात्र एक चकचकीत गोल थाळी दिसली. जागा पसंत पडली. तेलात कुंकू कालवलं आणि दोन्ही बाजूंनी पाच-पाच बोटं ओढली.

शिवा उतारावरनं गाडी आत घ्यायला लागला. ब्रेक दाबला, तर गाडी थांबेना! थेट कोंबड्यांच्या खुराड्याला जाऊन टेकली. कोंबड्या एकीकडं, शिवा एकीकडं.

धूळ झाडत उठला आणि म्हणाला, "आई, तितं देव न्हाई, ब्रेक हाय!"

*

पेट्या काढून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. मजबूत, घट्ट झाकणाच्या. उंदराची काय बिशाद! वाया जाऊ नये म्हणून मी एकीत वर्षाचा लसूण भरला.

पंधरा दिवसांनी शेठ गाडी बघायला आले. हौसेनं पेटी उघडली. उघडली आणि तशीच मिटली.

"आजी, ह्यो लसूण तुमचा?"

"व्हय. तुमाला देऊ का थोडा?"

संगीतानं कपाळावर हात मारला. शेठच्या घरात कांदा-लसूण शिवत नाहीत, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक!

शेठ हसले. म्हणाले, "आमच्या घरात सात पिढ्यांत लसूण आला न्हाई. आता माज्या आदी त्योच श्रवणबेळगोळला जातोय!"

सोड्यानं, लिंबानं, गोवरीच्या राखेनं पेटी घासली. वास गेला, पण मी त्यांच्यापुढं आठ दिवस गेले नाही.

*

मग स्प्रिंगा लावायच्या होत्या. दोन माणसं बसल्यावर गाडी किती दबते ते मापून स्प्रिंग घट्ट-सैल करायची असते. शेठ बसले. मागं बायको हवी, ती सांगलीला.

"वजन किती त्यांचं?" शिवानं विचारलं.

शेठ इकडंतिकडं बघून म्हणाले, "ते म्या इचारलं तर परत घरात घेईल व्हय?" मग माझ्याकडं बघितलं. "साधारण आजींएवढंच."

झालं! मला उचलून मागं बसवलं. शिवा खाली टेप घेऊन आडवा. मी शेठच्या खांद्याला धरलेलं, लुगडं गुडघ्यापर्यंत, पाय अधांतरी. आणि नेमक्या त्याच वेळी भजनाला निघालेल्या चौघीजणी समोरून आल्या!

"काय गं जिजा, न सांगताच निगालीस व्हय?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. शेठ मात्र म्हणाले, "चला तुमीबी, पेट्यांत जागा हाय!"

खालून शिवा ओरडला, "हसू नका रं! माप हलतंय!"

*

आता जी गोष्ट सांगते, ती सांगताना अजून मान वर होत नाही.

त्या गाडीला कार्बोरेटर चार. पेट्रोल आणि हवा मिसळणारी भांडी म्हणा. संगीतानं ती खोलली आणि प्रत्येकाचे पेट्रोल सोडणारे बारके पितळी जेट वेगळ्या वाटीत, पेट्रोलमध्ये भिजत ठेवले. चार वाट्या ओळीनं. "कुणी हात लावू नका," असं तिनं सांगितलंही होतं. आणि त्याच दिवशी कडेगावचं पाव्हणं आलं! रश्श्याला वाट्या कमी पडल्या. मी चारी वाट्या एका डब्यात उलथल्या, घासल्या, पंगतीला लावल्या.

पाव्हणे म्हणाले, "रस्सा झ्याक! वास जरा येगळा हाय."

ते गेल्यावर मी घाबरले. सगळं पितळ पुन्हा चार वाट्यांत सारखं सारखं वाटलं, नातवंडांना लाडू वाटावेत तसं. दिसायला एकसारखंच. त्यावर बारके आकडे असतात म्हणे. मोठे आकडे कळत नाहीत मला, तर बारके कुठले कळायचे!

संगीतानं वाटीप्रमाणं सगळं बसवलं. गाडी सुरू झाली, पण लंगडी. जरा पळवली की खोकायची. शिवानं प्लग बदलले, कॉईल बघितली, टाकी धुतली. तिचं खोकणं थांबेना. शेवटी बायकोवर घसरला.

"तुज्याच हातनं कायतरी चुकलंय!"

"म्या वाटीपरमाणंच लावलंय."

"लावलंस तर चालंना का? उद्यापासनं गॅरेजात पाय ठेवू नगंस!"

ती जाऊन चुलीपुढं बसली. मी शेजारीच होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? पण सुनेपुढं, लेकापुढं... नाही उघडलं. तिनं भाकरी वाढली. मला गिळवेना. तरी दोन खाल्ल्या.

तसे आठ दिवस गेले.

*

मग शिवानं हात टेकले. शेठना बोलावून घेतलं. "शेठ, माज्याच्यानं हुत न्हाई. पुण्याला न्या." टेंपो दारात लागला. संगीता उंबऱ्याच्या आत उभी, पदर तोंडाला. शेठची बायकोही आली होती. गाडी फळीवर चढायला लागली.

मी म्हणाले, "थांबा. गाडी चांगली हाय. संगीताबी चांगली हाय. वाट्या म्या उलथल्या."

गाडी फळीवरच थांबली. टेंपोवाल्यानंसुद्धा विडी विझवली.

"कवा?" शिवानं विचारलं.

"कडेगावचं पाव्हणं आलं तवा."

शिवा बायकोकडं वळला, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिच्या हातात दिला. ती आली. भिंगातून आकडे वाचले. मोठ्या जेटांतले दोन एका मापाचे, दोन दुसऱ्या मापाचे. "आतली दोन येक जोडी, भायेरची दोन येक जोडी," म्हणाली. पहिल्या खेपेला उलटं बसलं. दुसऱ्या खेपेला गाडी अशी बोलली, की शेठच्या बायकोनं हात जोडले.

शेठ श्रवणबेळगोळला जाऊन आले. आता आमच्या दारात सांगलीच्या, मिरजेच्या, साताऱ्याच्या अशा पाच मोठ्या गाड्या ओळीनं उभ्या असतात. नव्या बोर्डावर शिवानं बायकोचं नाव आधी घातलंय, आपलं खाली. सगळी गिऱ्हाइकं शेठनीच धाडलेली. आणि धाडताना ते काय सांगत असतील, ते मला ठाऊक आहे.

म्हणून हॉर्न वाजला की मी आत जाऊन बसते. पण संगीता काही सोडत नाही. कालच गॅरेजातून हाक आली:

"आत्ती, भायेर या! साताऱ्याचे मेजरसाहेब आल्यात. तुमाला बघितल्याबिगार गाडीची चावी देत न्हाईत!"